परीक्षेसाठी थांबलेली कानबाई

त्या सोमवारी सकाळी दमणगंगेकाठच्या आमच्या नरोलीच्या घरात कानबाई सजून बसली होती. भाऊबंद विसर्जनाला तयार होऊन अंगणात उभे होते, ढोलवाल्यानं ढोल गळ्यात अडकवला होता आणि या सगळ्यांना अडवून धरलं होतं माझ्या परीक्षेनं.

मी तेव्हा एम.ए. करत होते. दर रविवारी आमलीत, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरायचे. पेपरचं नाव लांबलचक होतं, रोमँटिसिझमपासून आजपर्यंतच्या देशोदेशींच्या कला आणि कल्पना. ते ऐकून नवरा म्हणाला होता, "हे शिकून काय मिळतं?" मी म्हटलं, "तुमच्या त्या सायली गावातल्या सुताच्या कारखान्यात आठ तास कानठळ्या बसवून घेऊन काय मिळतं, तेच." माझी जीभ अशीच आहे. तो हसला आणि पुढच्या रविवारी स्वतः मोटरसायकलवरून मला सोडायला आला.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. माझी मुलगी तीन वर्षांची, पाळणाघर नरोलीत शोधूनही सापडायचं नाही, त्यामुळे रविवारभर तिला सासूबाईच सांभाळायच्या. त्यांची अट सरळ होती. पहिलं वर्ष पास झालीस तर दुसऱ्या वर्षाचं बघू, नाही तर बास. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण पास आणि नापास यांच्यामध्ये काही नसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाकीचे पेपर मी कसेबसे काढले होते. या एका पेपराची तोंडी परीक्षा राहिली होती आणि माझं दुसरं वर्ष तिच्यावर टांगलेलं होतं.

या विषयानं मला वेड लावलं होतं हे कबूल करते. शहरांना विटून वादळासमोर जाऊन उभे राहणारे चित्रकार, खेड्याखेड्यांत फिरून म्हाताऱ्यांच्या तोंडून गोष्टी जमवणारे आणि छापताना त्या हळूच नीटनेटक्या करणारे विद्वान, जपानहून चिनीमातीच्या भांड्यांभोवती गुंडाळून आलेले चित्रांचे कागद, आफ्रिकेतून बोटीनं आलेले आणि कुणाच्या तरी स्टुडिओत भिंतीवर लटकलेले मुखवटे. जो मुखवटा घालून माणसं नाचली, तो तिथं खिळ्याला टांगलेला. मला वाचताना राग यायचा. डहाणूच्या एका शाळामास्तराची मी मुलगी, आमच्या घरात रागावणं म्हणजे असभ्यपणा. या विषयात मात्र रागावून लिहिलं की सर त्याखाली 'चांगलं' असा शेरा द्यायचे.

सर रत्नागिरीकडचे. त्यांनी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपल्या घरातली अशी एक गोष्ट निवडायची, जिला घरात कोणी कला म्हणत नाही. तिच्यावर लिहायचं आणि तोंडी परीक्षेला ती परीक्षकांना प्रत्यक्ष दाखवायची. कुणी आजीची गोधडी घेतली, कुणी ट्रकच्या आरशाला बांधायचे गोंडे. मी घेतली कानबाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कानबाई ही खानदेशची देवी, आणि माझं सासर मूळचं तिकडचं. मी लग्न होऊन या घरात आले तोवर मला तिचा पत्ता नव्हता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. देवी म्हणजे एक नारळ. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, मणी-मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, लुगडं, आणि कलशावर बसवून चौरंगावर मांडायची. रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. आमच्या घराण्यात नारळ दरवर्षी तोच, नवऱ्याच्या पणज्याच्या काळापासूनचा. नदीत बुचकळून त्याला परत आणायचं, पुसायचं, लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवायचं. मग पुढच्या श्रावणापर्यंत ती पेटी कोणी उघडत नाही. म्हणजे सजलेली देवी बघायची तर रविवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, एवढाच वेळ.

आणि तोंडी परीक्षा नेमकी त्याच सोमवारी लागली. सरांनी खटपट केली. मुंबईहून येणाऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या, मी आधी त्यांच्या घरी जाऊन बघते, तिथंच परीक्षा घेते, नऊ वाजता पोचते. आता हे सासूबाईंना सांगायचं होतं. मी स्वयंपाकघरात तीनदा गेले आणि तीनदा मीठ शोधत असल्यासारखं करून बाहेर आले. चौथ्यांदा सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "येऊ दे. पन रोट भेटाव नई तिले."

रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. त्यांचं पीठ घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजून दळतात आणि ते फक्त घराण्यातल्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. मी सून, म्हणून मला मिळतात. एवढ्या कडक बाईनं परक्या बाईला देवीसमोर येऊ दिलं, यातच मला सगळं मिळाल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा फिरली. धरणातून पाणी सोडणार आहेत, अकरानंतर दमणगंगेच्या घाटावर कोणी उतरू नये, असं आधी गुजरातीत, मग हिंदीत सांगत गेली. श्रावणाची झड लागली होती, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. पण आमच्याकडे काकासासरे शिरपूरहून मुद्दाम विसर्जनासाठी आले होते आणि त्यांनी तो भोंगा जणू आपल्यालाच उद्देशून आहे असा ऐकला. म्हणाले, "चला, उचला देवीले."

नऊ वाजून गेले होते. बाईंचा पत्ता नव्हता. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन फोन लावला. पुलाच्या अलीकडे ट्रक आडवा झालाय, गाडी जागची हलत नाही, त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबा हं, मी बघितल्याशिवाय गुण कसे देणार?" त्या चांगुलपणानं बोलत होत्या.

मी परत आले तर काकासासरे दारात. "कव्हय येई ती बाई?"

"निघाल्यात. रस्त्यात आहेत."

"देवीले कोनी बसाडी ठेवतस का? सून शिकी राहिनी म्हनून देवीनी वाट पाहावानी?"

अंगणात कुजबुज सुरू झाली. कुणाला कारखान्यात दुसरी पाळी होती, कुणाला मुलं शाळेत सोडायची होती. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. त्या क्षणी मला खरंच वाटलं की जाऊ दे, उचला, मला नको तुमची परीक्षा. पण मला ती हवी होती.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आरती व्हऊ द्या पहिले."

आरती झालेली होती. सगळ्यांना माहीत होतं. पण सासूबाईंनी तबक उचललं, नवा कापूर पेटवला आणि सुरुवात केली. आरती चालू असताना देवीला हलवायचं नाही, हा नियम काकासासऱ्यांनाही मोडता येईना. ते हात जोडून उभे राहिले. गणपती झाला, शंकर झाला, देवी झाली. संपली की सासूबाई श्वासही न घेता दुसरी धरायच्या. बायकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टाळ्यांचा जोर वाढवला. एका जावेनं मला कोपरखळी मारली, "म्हातारी ऐकाव नई आते." मला हसू येत नव्हतं. मी दाराकडे कान लावून होते आणि रिक्षा आली की मान वळवून बघायचे.

कापूर संपला. एका जावेच्या मुलीला शेजारी पिटाळून तो आणला. सासूबाईंना येत होत्या तेवढ्या आरत्या संपल्या, त्यांनी पहिलीपासून परत सुरू केलं. आवाज चिरका झाला, मग बसला, नुसते ओठ हलायला लागले, तेव्हा शेजारच्या गुजराती काकूंनी त्यांची आरती धरली. काकासासरे हात जोडूनच उभे होते, पण त्यांची नजर माझ्यावर होती. मी आयुष्यात इतक्या भक्तीत कधी उभी राहिले नव्हते आणि त्यातली एक ओळही माझ्या कानात शिरत नव्हती.

दहा वाजून गेल्यावर बाई आल्या. हातमागाची साडी, तिचा काठ चिखलात, खांद्याला पिशवी. चपला काढून, हात जोडून, खाली वाकून आत आल्या. चांगल्या घरच्या बाई. मग त्यांनी देवीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी तो उतरताना बघितला.

कारण देवीभोवती थर्माकोलची कमान होती. कमानीवर लाल, हिरव्या दिव्यांची माळ लुकलुकत होती. झेंडूची फुलं प्लास्टिकची होती, कारण खरी पावसात कुजतात. मागचा पडदा गुलाबी, चकाकणारा, सायलीत विणलेल्या पॉलिस्टरचा.

"तुमच्या लेखनात हे काही नव्हतं," बाई म्हणाल्या.

नव्हतंच. आधी होतं. एक अख्खा परिच्छेद होता आणि तोच मला सगळ्यात आवडला होता. सर म्हणाले, "हा काढा. मुंबईच्या लोकांना असलं आवडत नाही, नारळावरच राहा." मी काढला. गुण सरांच्या सल्ल्यानं मिळतात असं मला वाटलं होतं.

बाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हे दिवे आणि ही कमान जरा बाजूला करता येईल का? फोटोपुरतं. मला मूळ रूप बघायचंय."

 सासूबाईंना मराठी नीट कळतं, पण त्यांनी शब्दांकडे लक्ष दिलंच नसावं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांना एवढंच कळलं की परीक्षेत काहीतरी बिघडतंय. देवी एकदा बसली की उचलेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीनं एक फूल ओढलं म्हणून त्यांनी तिला रडेपर्यंत दटावलं होतं. त्याच सासूबाई पुढे झाल्या आणि दिव्यांच्या माळेला हात घातला.

"वहिनी!" काकासासरे ओरडले.

त्यांनी तिकडे बघितलंही नाही. बसलेल्या आवाजात मला विचारलं, "काढी टाकू का?"

 मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. बाईंचा, सरांचा, त्या 'मूळ' शब्दाचा. एक होकार दिला असता तर फोटो झाला असता, गुण झाले असते, दुसरं वर्ष झालं असतं. आणि नाही म्हटलं तर सासूबाईंनी सकाळभर घसा फोडून केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"राहू द्या, आई," मी म्हटलं. मग बाईंकडे वळले. "मॅडम, मूळ रूप म्हणजे कोणतं?"

"म्हणजे पारंपरिक. यात बाजारातलं जे मिसळलंय ते सोडून."

"नथ आमलीच्या दुकानातली आहे. बांगड्या वापीच्या आहेत. लुगडं पण बाजारातलंच. मग नारळ तेवढा उरतो, त्यालाच बघून जाणार का?" माझा आवाज चढला होता, तो मला खाली आणता येईना. "खेड्यात जाऊन गोष्टी जमवणाऱ्यांनी हेच केलं ना? म्हातारी सांगायची एक, हे छापायचे दुसरं, आणि वर म्हणायचे की हेच मूळ. ती माळ माझ्या नवऱ्यानं बांधली आहे. तो पडदा त्याच्या कारखान्यातल्या सुताचा आहे. देवीला आपल्या हातचं काहीतरी द्यावं म्हणून त्यानं ते आणलं. ते काढायचं असेल तर आम्हालाही फोटोतून काढा."

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं, आता जाणार. पण त्या गेल्या नाहीत, उलट त्यांचा मऊपणा गेला आणि परीक्षा सुरू झाली.

"बरं. मग बाजारातून आणलेलं सगळंच कला म्हणायचं का?"

"सगळंच नाही."

"कारखान्यातली वस्तू चबुतऱ्यावर ठेवून तिला कला म्हणणारा माणूस तुम्ही वाचलाय. त्यानं निवड केली होती, सही केली होती. इथं निवड कुणाची? सही कुणाची?"

 मागे ढोलवाला खाकरला. गल्लीच्या टोकाला भोंगा पुन्हा ऐकू यायला लागला होता. "इथं सही चालत नाही," मी म्हटलं. "ज्यानं सही केली, त्याला पुढच्या वर्षी कुणी देवीला हात लावू देणार नाही."

"हे उत्तर झालं नाही. ही अट झाली."

"मग माझ्याकडे उत्तर नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं. आजही अर्धंच आहे.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "हे जे तुम्ही आत्ता बोललात, ते लिहायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग दिवे, कमान, पडदा, सगळं धरून एक फोटो काढला. गुण किती, पास की नापास, चेहऱ्यावरून काही कळेना.

मग उचलाउचल झाली. मोठ्या जावेनं चौरंग डोक्यावर घेतला, ढोल वाजला आणि आम्ही जवळपास पळतच घाटावर पोचलो. बाईही मागून आल्या. पाणी गढूळ होतं आणि खालच्या पायऱ्या आधीच बुडल्या होत्या. पोलीस शिट्टी मारत होता. नवऱ्यानं सासूबाईंचं कोपर घट्ट धरलं, त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या, नारळ बुचकळला आणि छातीशी धरून वर आल्या. 

पण एक गोष्ट राहिली. नदीवरून परतताना मूठभर वाळू आणायची आणि घरात चारी कोपऱ्यांत टाकायची, त्याशिवाय कानबाई पुरी होत नाही. दरवर्षी आम्ही ज्या काठावर वाळू घेतो, तो पाण्याखाली गेला होता. तासभर आधी आलो असतो तर मिळाली असती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी काकासासऱ्यांनी सांगितलं.

सासूबाई इकडेतिकडे बघत राहिल्या. मग वाकून वरच्या पायरीवर साचलेला गाळ बोटांनी खरवडला, ओला, काळपट, त्यात शॅम्पूच्या पुडीचा तुकडा होता. तो तुकडा काढून टाकला आणि गाळ पदरात बांधला. "ही बी नदीनीच शे," त्या पुटपुटल्या. बाई बघत होत्या. त्यांनी कॅमेरा काढला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांना चहा दिला, केळी दिली. आतून पुरणाचा आणि रोटांचा वास येत होता. बाईंनी सकाळपासून काही खाल्लेलं नसावं, कारण चहा त्यांनी दोन घोटांत संपवला. सासूबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारात पहारा असल्यासारख्या उभ्या राहिल्या. गाडीत बसताना बाई मला म्हणाल्या, "गुण मी आत्ता सांगू शकत नाही. निकालात कळेल." मी मान हलवली. त्यांचा मला राग येत नव्हता आणि धीरही वाटत नव्हता.

मी आत आले. काकासासरे ताटावर बसले होते. कोपऱ्यांत तो काळपट गाळ टाकून झाला होता. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, आते तरी हाई शिकनं बंद करा. देवीले बसाडी ठेवं, वाळू बी नई भेटनी. आखो काय पाहिजे?"

 नवऱ्यानं घास हातात तसाच धरला. मी दाराशी उभी होते आणि मला माहीत होतं, आता जे ठरेल ते ठरेल. काकासासऱ्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं.

सासूबाईंनी माझ्यासाठी ताट वाढलं, त्यावर रोट ठेवला, ताट माझ्या हातात दिलं. बोलायला गेल्या तर आवाजच निघेना, फक्त हवा. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि कसंबसं म्हणाल्या, "त्या बाईले सांगी ठेव. पुढला साले सकायमा लवकर ये म्हना. मन्हा गळा बठना. इतल्या आरत्या परत व्हवाव नईत."

काकासासऱ्यांनी ताटावरून वर बघितलं आणि मग गुमान आमटी वाढून घेतली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि खायला लागले.

निकाल लागायला अजून महिना होता.